गाडीत पेट्रोलचा वास: टाकी भरल्यावर, सकाळी स्टार्टला की एसी लावल्यावर?

दोन दिवस वास येतो, मग आपोआप जातो. गॅरेजमध्ये नेली की गाडी शहाण्यासारखी वागते. मेकॅनिक बॉनेट उघडून बघतो, एखादी क्लिप आवळतो आणि 'काही नाही, चालवा' म्हणतो. पुढच्या वेळी टाकी भरली की पुन्हा तेच. या तक्रारीत पार्ट बदलण्यात पैसे जातात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: वास कुठून येतोय हे सगळे शोधतात, कधी येतोय हे कोणी विचारत नाही.

पेट्रोलची गळती नळासारखी सतत चालू नसते. टाकीतली पातळी, लाइनमधला दाब आणि तापमान या तिघांपैकी एखादी गोष्ट जुळली तरच ती सुरू होते. शिवाय पेट्रोल उडून जातं आणि मागे जवळपास काहीच ठेवत नाही. म्हणून गाडी गॅरेजला नेण्याआधी आठवडाभर एका कागदावर लिहून ठेवा: वास कधी आला, टाकीत किती काटे होते, इंजिन थंड होतं की गरम, एसी बाहेरची हवा घेत होता की आतलीच फिरवत होता, गाडी चढावर होती की सपाटीवर. एवढ्यावर निम्मं काम होतं.

आधी सुरक्षा, थोडक्यात पण नीट

गाडीखाली ओला डाग दिसतोय, थेंब पडतोय किंवा वासाने डोळे चुरचुरतायत, तर गाडी स्टार्ट करू नका. बेसमेंटमध्ये असेल तर ढकलून उघड्यावर आणा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली साचते आणि उतारावरून दूर जाऊन कुठल्या तरी ठिणगीला भेटते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड टक्का झालं तरी पेट घेण्याइतकं मिश्रण तयार होतं. त्यामुळे गॅरेजच्या खड्ड्यात उतरून पेट्रोलची गळती शोधणं हा सगळ्यात वाईट मार्ग. गाडी लिफ्टवर किंवा मोकळ्या जागी जॅकस्टँडवर घ्या.

उजेडासाठी एलईडी बॅटरी वापरा. वायर ओढत नेलेला काचेचा बल्ब नको, कारण त्यावर पेट्रोलचा थेंब पडून तो फुटला की आग लागते. हाताशी एबीसी पावडरचा अग्निशामक ठेवा, पेट्रोलच्या आगीवर पाणी चालत नाही. आणि गळती शोधायला काडी पेटवून बघणारे महाभाग अजूनही आहेत, त्यांच्यापासून गाडी लांब ठेवा.

आणखी एक, नाकाबद्दल. सतत वास घेतला की पाच-दहा मिनिटांत नाक मेलेलं असतं आणि वास गेला असं वाटतं. मध्ये बाहेर मोकळ्या हवेत फिरून या, किंवा गाडीत न बसलेल्या माणसाला वास घ्यायला लावा.

वास कशाचा आहे?

कच्च्या पेट्रोलचा वास पंपावर येतो तसा, गोडसर आणि डोक्यात जाणारा. सायलेन्सरमधून येणारा अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा वास वेगळा असतो: तिखट, घशाला लागणारा, आणि तो बहुतेक वेळा गाडी सिग्नलला उभी असताना किंवा काच थोडी उघडी असताना आत येतो. डिझेलचा वास तेलकट असतो आणि कपड्यांना धरून बसतो. सीएनजीला स्वतःचा वास नसतो, त्यात मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा कुजकट वास येतो. खाली पडलेला थेंब कशाचा, याची शंका असेल तर तो पांढऱ्या कागदावर घ्या. एसीचं पाणी कागद ओलाच ठेवतं, पेट्रोल मिनिटभरात उडून जातं, डिझेल तेलकट डाग सोडतं.

वेळ आणि जागा

टाकी फुल केल्यावर पहिले पन्नास-साठ किलोमीटर वास येतो आणि काटा थोडा खाली आला की जातो, तर बिघाड टाकीच्या वरच्या भागात आहे. तिथे चारच गोष्टी असतात: पंपाच्या झाकणाचं गॅस्केट, त्या झाकणावरचे नळीचे निपल, पेट्रोल भरायचा नळा आणि त्याच्या शेजारची बारीक ब्रीदर नळी, आणि वाफ शोषणारा कोळशाचा डबा म्हणजे कॅनिस्टर.

सकाळी पहिल्या स्टार्टला वास येतो आणि इंजिन तापलं की बंद होतो, तर इंजेक्टरच्या (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नोझलच्या) ओ-रिंग म्हणजे रबरी कड्या, किंवा बॉनेटखालचा कडक झालेला रबरी पाइप. थंड रबर आकसलेलं आणि ताठ असतं, तापलं की पसरून स्वतःच गळती बुजवतं. म्हणूनच दुपारी गॅरेजला नेलेल्या गाडीत काही सापडत नाही. अशी गाडी संध्याकाळी गॅरेजमध्ये सोडा आणि सकाळी पहिला स्टार्ट मेकॅनिकच्या डोळ्यांसमोर होऊ द्या.

एसी किंवा ब्लोअर बाहेरच्या हवेवर ठेवला की वास, आतल्या हवेवर ठेवला की नाही: गळती बॉनेटखाली आहे. ब्लोअर हवा घेतो ती पुढच्या काचेखालच्या जाळीतून, आणि बॉनेटच्या मागच्या कडेचं रबर झिजलेलं असेल तर इंजिनाकडची हवा सरळ तिथे पोहोचते. याउलट ब्लोअर आतल्या हवेवर असतानाही वास येतो, किंवा बंद गाडी उन्हात दोन तास उभी राहिल्यावर दार उघडताच भपकारा येतो, तर मागची सीट आणि डिकी तपासायची.

फक्त घाटात, चढावर किंवा जोरात वळणावर वास येत असेल तर पेट्रोल टाकीत एका बाजूला जाऊन एखाद्या चिरलेल्या सांध्यापर्यंत पोहोचतंय. भरायचा नळा हा पहिला संशयित.

जागेबद्दल एक अपवाद. होंडा जॅझसारख्या गाडीत टाकी पुढच्या सीटखाली असते. तिथे वास ड्रायव्हरच्या पायाशी आला म्हणून बॉनेट उघडून बसू नये.

कॅनिस्टर, पर्ज व्हॉल्व्ह आणि 'राउंड फिगर'

पुन्हा पुन्हा येणाऱ्या वासाचं हे सगळ्यात दुर्लक्षित कारण, आणि बऱ्याचदा ते आपणच तयार केलेलं असतं.

टाकीत तयार होणारी वाफ हवेत सोडायची नाही, म्हणून ती एका नळीने कॅनिस्टरमध्ये जाते. आतला सक्रिय कोळसा ती धरून ठेवतो. इंजिन तापून चालू लागलं की ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक, कॅनिस्टर आणि इंजिन यांच्यामधला पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिनाची ओढ कॅनिस्टरमधून ताजी हवा खेचते आणि ती वाफ इंजिनात जळून जाते. सगळी रचना वाफेसाठी आहे, द्रव पेट्रोलसाठी नाही.

पंपावर नोझल एकदा 'टक्' करून थांबलं म्हणजे टाकी भरली. वर जी मोकळी जागा उरते ती पेट्रोलला उन्हात फुगायला आणि वाफ वेगळी व्हायला ठेवलेली असते. आपण म्हणतो, 'राउंड फिगर करा'. मुलगा नोझल थोडं वर ओढून आणखी अर्धा-एक लिटर कोंबतो. ते पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये उतरतं. भिजलेला कोळसा नवी वाफ धरू शकत नाही, ती कॅनिस्टरच्या श्वासाच्या तोंडातून सरळ बाहेर येते. दर वेळी असंच भरलं की कोळशाचे दाणे फुटतात, त्याची काळी भुकटी नळीतून पर्ज व्हॉल्व्हपर्यंत जाते आणि व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकतो. मग लक्षणं जोडीने येतात: टाकी भरल्यावर गाडी पटकन स्टार्ट होत नाही, आयडलिंगला थरथरते आणि वासही येतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन थंड असताना स्टार्ट करा, आयडलवर ठेवा, पर्ज व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडे जाणारी नळी काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. थंड इंजिनाला ओढ जाणवायला नको. जाणवली तर व्हॉल्व्ह बंद होत नाही. मग इंजिन बंद करून व्हॉल्व्ह काढा, एका बाजूने स्वच्छ नळीतून फुंका: वीज नसताना हवा पार जाता कामा नये. १२ व्होल्ट दिले की 'टक्' आवाज आणि हवा मोकळी. कॉइलचा रोध बहुतेक गाड्यांत २० ते ४० ओहमच्या आसपास असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल जळली आहे, व्हॉल्व्ह कधीच उघडत नाही आणि कॅनिस्टर कधीच रिकामा होत नाही.

व्हॉल्व्ह झटकला आणि त्यातून काळे दाणे पडले, तर नुसता व्हॉल्व्ह बदलून उपयोग नाही, महिन्याभरात नवाही अडकेल. कॅनिस्टर आणि व्हॉल्व्ह दोन्ही बदला, मधली नळी हवा मारून साफ करा. कॅनिस्टर हातात घेतल्यावर जड लागत असेल, उलटा केल्यावर पेट्रोल ठिबकत असेल तर तो संपला. उन्हात वाळवून परत बसवायची युक्ती चालते ती चार दिवस.

कॅनिस्टरच्या श्वासाचं तोंड धुळीने किंवा चिखलाने बुजलं तर उलट प्रकार होतो. टाकीचं झाकण उघडताना 'फुस्स' असा मोठा आवाज येतो, आणि पंपावर टाकी रिकामी असूनही नोझल सारखं कट होतं. कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं आहे. अशा वेळी लोक पंपाच्या मशीनला दोष देतात.

स्कॅनर लावून 'एरर नाही' असं सांगितलं जातं त्यावर विसंबू नका. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ईसीयू पर्ज व्हॉल्व्हची वायर तुटली का एवढंच बघतो, तेव्हा पी०४४३ सारखा कोड येतो. वाफेची नळी चिरली तर त्याला पत्ताही लागत नाही.

बॉनेटखाली: रबर, क्लिप आणि उंदीर

पेट्रोल इंजेक्शनच्या साध्या गाडीत लाइनमध्ये ३ ते ४ बार दाब असतो. एवढ्या दाबाला सुईच्या टोकाएवढं भोकही बारीक फवारा सोडतं, आणि तो गरम एग्झॉस्टपासून वीतभर अंतरावर असतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांत पंपानंतरचा दाब शेकडो बारांत जातो. तिथे घरी हात घालू नका.

इंजिन पूर्ण थंड करा. एका माणसाला चावी ऑनवर फिरवायला सांगा, स्टार्ट न करता. पंप दोन सेकंद घुं करून थांबतो. असं तीन-चारदा करा म्हणजे दाब चढेल, आणि त्या वेळी बॅटरीच्या उजेडात फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) लोखंडी पाइपपासून इंजेक्टरच्या रेलपर्यंत, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या आडव्या नळीपर्यंत, प्रत्येक सांधा बघा. धुळकट इंजिनावर एखादाच भाग धुतल्यासारखा स्वच्छ दिसत असेल, किंवा इंजेक्टरच्या बुडाशी पिवळट-तपकिरी चिकट थर असेल, तर गळती तिथेच.

उंदीर हा आपल्याकडचा वेगळाच अध्याय. पावसाळ्यात आणि थंडीत ते गरम इंजिनावर येऊन बसतात आणि वायरीबरोबर पेट्रोलचा पाइपही कुरतडतात. लेंड्या, बॉनेटच्या आतल्या कापडाचा भुगा, शेंगांची टरफलं दिसली की पाइप काढून फिरवून बघा, कारण चावा बहुतेक वेळा खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला असतो. पाइप बदलल्यावर आठवड्यात पुन्हा कुरतडला जातो, कारण उंदरांच्या मुताचा वास इंजिनावर तसाच राहतो आणि त्या वाटेने ते परत येतात. पाइप बदलायचा त्याच दिवशी इंजिनचा भाग कनेक्टर झाकून साबणाने धुवा, एसीचा केबिन फिल्टर काढून मागे घरटं आहे का बघा, आणि नव्या पाइपवर स्टीलच्या जाळीची बाही चढवा. तंबाखूची पुडी आठवडाभर काम करते, मग तिचा वास जातो. ती सतत बदलणार असाल तरच ठेवा.

पाइप कोणता घ्यायचा, यावर खूप चुका होतात. दुचाकीच्या दुकानात मिळणारा पारदर्शक पाइप इथे चालत नाही, तो काही महिन्यांत पिवळा पडून ताठ होतो आणि निपलवरून सुटतो. पाइपवर 'एसएई जे३०' आणि 'आर९' अशी छाप हवी, तो इंजेक्शनच्या दाबासाठी असतो. 'आर७' हा कार्बोरेटरच्या कमी दाबाचा. दिसायला सारखाच असल्याने दुकानदार तोच पुढे करतो. टाकीच्या आत पेट्रोलात बुडलेला पाइप असेल तर त्याला 'आर१०' लागतो, कारण बाकीचे बाहेरून पेट्रोल लागण्यासाठी बनवलेलेच नसतात. जुन्या गाडीतलं मूळ रबर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेलं नसतं. इथेनॉलने ते आधी मऊ पडून फुगतं आणि मग वाळल्यावर चिरतं. दहा वर्षांवरच्या गाडीचा एक पाइप फुटला असेल तर बॉनेटखालचे सगळे रबरी तुकडे एकदम बदलून घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. रबर स्वस्त असतं, मजुरी दर वेळी तीच लागते.

क्लिपही बघून घ्या. खाचा पाडलेल्या पट्टीची स्क्रू क्लिप आवळली की त्या खाचांत रबर घुसतं आणि कापलं जातं. कडा वळवलेली, आत गुळगुळीत असलेली इंजेक्शनची क्लिप घ्या. पाइप धातूच्या नळीवर किमान २५ मिलिमीटर चढला पाहिजे, नळीवरच्या उंचवट्याच्या पलीकडे, आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, पाइपच्या अगदी टोकाला नव्हे. रबर क्लिपच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर येईपर्यंत आवळलं तर ते सहा महिन्यांत तिथेच चिरतं.

नव्या गाड्यांत रबराऐवजी काळा नायलॉनचा पाइप आणि झटक्यात बसणारा कनेक्टर असतो. तो बसवताना 'टक्' ऐकू आलं पाहिजे आणि मग उलट ओढून खात्री करायची. आतली ओ-रिंग दुमडली असेल तर टक् होऊनही गळतो. नायलॉनचा पाइप कुरतडला गेला असेल तर मध्येच कापून रबराचा तुकडा आणि दोन क्लिपा, हा जुगाड करू नका. गुळगुळीत नायलॉनवर क्लिप धरत नाही. पूर्ण पाइप बदला.

कुठलाही सांधा उघडण्याआधी दाब उतरवा. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन स्टार्ट करा, ते आपोआप बंद पडेल. नंतर दोन-तीन सेकंद सेल्फ मारा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, टाकीचं झाकण सैल करा आणि सांध्याभोवती फडकं गुंडाळून मगच खोला. तरीही थोडं पेट्रोल येणारच.

इंजेक्टरला दोन ओ-रिंग असतात. वरची गळली तर पेट्रोल बाहेर येतं, खालची गळली तर हवा आत शिरते आणि वास न येता आयडलिंग बिघडतं. इंजेक्टर एकदा उपसला की दोन्ही नव्या घाला. त्या पेट्रोलला टिकणाऱ्या व्हायटन नावाच्या रबराच्या हव्यात, हार्डवेअरच्या दुकानातल्या पाण्याच्या ओ-रिंग नकोत. बसवताना इंजिन ऑइलचं बोट फिरवा, ग्रीस नको.

जुन्या गाडीत रेलच्या टोकाला व्हॅक्यूमची नळी लावलेला प्रेशर रेग्युलेटर असेल तर ती नळी उपसून बघा. आत पेट्रोलचा ओलावा दिसला म्हणजे रेग्युलेटरमधला पडदा फाटलाय. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मागच्या सीटखाली

गॅरेजमध्ये नुकताच पेट्रोल पंप बदलला किंवा टाकी साफ केली आणि त्यानंतर वास सुरू झाला, तर दुसरीकडे शोधू नका. पंपाच्या झाकणाखालचं गॅस्केट पेट्रोलात राहून फुगलेलं असतं. ते काढलं की परत खाचेत बसत नाही, कुठेतरी दुमडतं. मेकॅनिक तेच परत लावतो, रिंग आवळतो, आणि टाकी निम्म्याखाली असेपर्यंत सगळं ठीक असतं. प्रत्येक वेळी नवं गॅस्केट, कोरडं. वर सिलिकोनचं सीलंट थापू नका, साधं सिलिकोन पेट्रोलात फुगून सुटतं.

दुसरी जागा झाकणावरचा प्लास्टिकचा निपल. पाइप वाकडा ओढून काढला तर त्याच्या बुडाशी केसाएवढी चीर जाते. ती पंप चालू असतानाच गळते आणि पेट्रोल झाकणाच्या खोलगट भागात साचतं. ह्युंदाई आय१० सारख्या गाड्यांत मागच्या सीटचा पाट उचलला की पत्र्याचं छोटं झाकण असतं, ते काढून थेट बघता येतं. निपलभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा आणि दोघांनी मिळून चावी ऑन-ऑफ करा. कागद ओला झाला की चीर सापडली. ज्या गाड्यांत असं झाकण नाही तिथे टाकी उतरवावी लागते, त्यासाठी टाकी आधी पाव भागाखाली आणा.

चिरलेल्या निपलवर एम-सीलसारखी लांबी लावणं म्हणजे पुढची तारीख ठरवणं. फ्लँज म्हणजे निपल असलेलं ते झाकण बदलायचं, आणि ते सुटं मिळत नसेल तर पंपासकट पूर्ण मॉड्यूल. बंद करणारी प्लास्टिकची रिंग हातोडी आणि स्क्रूड्रायव्हरने ठोकू नका, तिचा वेगळा पाना मिळतो. रिंगचे दात तुटले तर नवं गॅस्केटही समान दाबलं जात नाही. शेवटी सीटखालच्या पत्र्याच्या झाकणाची चिकट रबरी पट्टी नवी लावा. ती नसेल तर टाकीवरची साधी, नेहमीची वाफही आत येते.

भरायचा नळा आणि झाकण

कोकणपट्टीत, मुंबईत खाऱ्या हवेने आणि चाकाने उडालेल्या चिखलाने हा लोखंडी नळा मडगार्डच्या लायनरमागे गंजतो. बाहेरून काही दिसत नाही. टाकी भरा, लगेच त्या बाजूचं मागचं चाक आणि लायनर काढा आणि नळ्याचा वरचा वाक, त्याला टाकीशी जोडणारा जाड रबरी पाइप आणि ब्रीदरची बारीक नळी ओली आहे का बघा. झाकणाचं रबर चपटं झालं असेल तर झाकणच बदला. झाकणाच्या कप्प्यातल्या बारीक भोकाला खाली उतरणारी नळी असते. ती बुजली की सांडलेलं पेट्रोल तिथेच साचतं आणि वास आपण टाकीवर ढकलतो.

वास सायलेन्सरचा असेल तर

इंजिन जास्त पेट्रोल घेतंय किंवा एखादा सिलिंडर मिस करतोय. प्लग, इग्निशन कॉइल, ऑक्सिजन सेन्सर, कूलंटचा तापमान सेन्सर या क्रमाने बघा. तापमान सेन्सर सतत 'थंड' सांगत राहिला तर ईसीयू सतत जास्त पेट्रोल देतो. पी०३०० मिसफायरचा, पी०१७२ जास्त पेट्रोलचा कोड. चेक लाइट लुकलुकत असेल तर गाडी चालवत राहू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो वितळतो. डिपस्टिक काढून वास घ्या: ऑइलची पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास असेल तर इंजेक्टर थेंब सोडतोय.

धूर आत कसा येतो, हा वेगळा प्रश्न. डिकीच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तिथे रबर गेलंय. हे दुर्लक्षू नका, कारण धुराबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत फ्लोटची सुई आणि पंपाचा पडदा, एवढंच सांगून पुढे जाऊ. गरम इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटं येणारा वास त्यांचा स्वभावच आहे.

डिझेल आणि सीएनजी

डिझेल उडत नाही, त्यामुळे गळती शोधणं सोपं: ओलं आणि काळं दिसतंच. इंजेक्टरांवरून परत जाणाऱ्या बारीक नळ्यांचे प्लास्टिक सांधे उष्णतेने ठिसूळ होतात, हे पहिलं. फिल्टरच्या डब्याचं झाकण आणि तळाचा पाणी काढायचा स्क्रू, हे दुसरं. फिल्टर बदलल्यानंतर वास सुरू झाला तर जुनी ओ-रिंगच परत गेली असणार. तिसरं, इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर. तो गळला की थंड इंजिनाला 'चफ-चफ' आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. वॉशर नवा टाकण्याआधी बैठक साफ करावीच लागते, नाहीतर नवाही गळतो. कॉमन रेलच्या, म्हणजे नव्या डिझेल इंजिनाच्या उंच दाबाच्या पाइपवरची गळती हाताने चाचपू नका. हजार बारांच्या पुढचा फवारा कातडीतून आत घुसतो.

सीएनजी किट असेल तर आधी वेगळं करा: सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा, इंजिन चालू ठेवून लाइनमधला गॅस संपू द्या आणि एक दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. वास राहिला तर तो पेट्रोलचा. गेला तर व्हॉल्व्ह उघडून, एक कप पाण्यात दोन चमचे भांड्यांचं लिक्विड मिसळून ब्रशने सिलिंडर व्हॉल्व्ह, भरायचा नोझल, स्टीलच्या पाइपचे सांधे आणि रेड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) यांना लावा. बुडबुडे आले ती जागा. पण पाना लावू नका: लाइनमध्ये २०० बार असतात, आणि दाबाखालचा सांधा आवळताना सुटू शकतो. व्हॉल्व्ह बंद करून अधिकृत किट सेंटरलाच द्या. डिकीतल्या व्हॉल्व्हवरची हवाबंद पिशवी आणि तिच्या बाहेर जाणाऱ्या नळ्या जागेवर आहेत का बघा, सामान ठेवताना त्या उपसल्या जातात. सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो (पाण्याच्या दाबाची) चाचणी झाली आहे का हेही त्याच वेळी बघून घ्या.

आत पेट्रोल सांडलं असेल

बाटलीतून आणलेलं पेट्रोल डिकीत सांडलं तर वरचं कार्पेट धुऊन भागत नाही. त्याखालचा फोम ते धरून ठेवतो आणि उन्हात परत सोडतो. कार्पेट उचला, फोम काढून टाका, पत्रा डिटर्जंटने पुसा आणि दोन दिवस दारं उघडी ठेवा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात फिरवू नका, त्याच्या मोटारीत ठिणग्या असतात आणि तो वाफच ओढतो.

काम झालं की नाही, हे कसं ठरवायचं

ज्या परिस्थितीत वास येत होता तीच पुन्हा उभी करा. टाकी पहिल्या कटपर्यंत भरा, गाडी रात्रभर बंद ठेवा, खाली पांढरा पुठ्ठा पसरा. सकाळी दार उघडताच आत डोकं घालून वास घ्या, मग थंड स्टार्ट, दहा मिनिटं आयडलिंग, ब्लोअर बाहेरच्या हवेवर. त्यानंतर एक चढ असलेला रस्ता. केबिन फिल्टर नवा टाकूनच ही चाचणी घ्या, कारण जुन्यात शोषलेला वास आठवडाभर येत राहतो आणि उगाच दुरुस्ती फसली असं वाटतं. बदललेला पार्ट गॅरेजकडून मागून घ्या आणि उजेडात वाकवून बघा. चीर दिसली नाही, तर मूळ गळती अजून गाडीत असण्याची शक्यता धरा आणि पुढची टाकी भरल्यावरच्या नोंदी परत लिहायला घ्या.